हिरवा फ्रॉक, चांदणीची गोधडी

कतारात समैस्माच्या किनाऱ्यावर जानेवारीत वारा सुटला की आधी खांद्यांना कळतं. ओहोटीने समुद्र मागे सरलेला असतो, लांब पाण्याची पांढरी रेघ तेवढी दिसते, आणि मधल्या ओल्या वाळूत बारीक खेकडे आपापल्या बिळाच्या तोंडाशी बसून असतात. सनाने गाडी कडेला लावली, डबे आणि थर्मास काढले, आणि म्हणाली, "अम्मी, इट्स सो कोल्ड. ती चांदणीवाली गोधडी आणायची ना."

मी ओढणी घट्ट केली. ती गोधडी आता माझ्याकडे नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायला हरकत काहीच नाही. पण लाज माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की चांगलं काही घडलं तरी ती आधी येऊन शेजारी बसते. याच वाळूत ती गोधडी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर पडली, तेव्हाही मला मान वर करता आली नव्हती.

तेव्हा आम्ही दोह्यात, अल नस्र भागात राहायचो. खाली लॉन्ड्री, तिला लागून सनाच्या अब्बांचं शिवणाचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. ते अरबांचे पांढरे पायघोळ झगे शिवायचे. दुकानातून गोणी भरून कातरण वर यायचं, आणि सगळ्या घराला नव्या कापडाचा, इस्त्रीच्या वाफेचा आणि मशीनच्या तेलाचा वास असायचा. अजूनही कुठे कोऱ्या पॉपलीनचा वास आला की मला जिन्यातला तो पिवळा दिवा आठवतो, एसीचं टपटपणारं पाणी आठवतं, आणि शुक्रवारी दुपारी सगळी इमारत झोपलेली असताना वरून येणारा कबुतरांचा आवाज.

त्या कातरणाच्या मी गोधड्या शिवायचे, पण लपून. आमच्या इमारतीत प्रत्येकीच्या पलंगावर वाघाच्या नाहीतर गुलाबाच्या चित्राचं जाड कोरियन ब्लँकेट असायचं. गावी जाताना तेच न्यायचं, तेच द्यायचं. चिंध्यांची गोधडी म्हणजे मागे टाकून आलेली गरिबी, ती परदेशात दोरीवर वाळत घालून दाखवायची कशाला? म्हणून मी गोधडी धुतली की गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे घालायचे, कुणाची नजर जाणार नाही अशी.

तिथेच मला व्हर्ना भेटली.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, सनाच्या शाळेत शिकवायची. अमेरिकन, एवढंच आम्हाला माहीत होतं. पण गोरी नव्हती. रुंद चेहरा, गव्हाळ रंग, बारीक डोळे, आणि केस हनुवटीपर्यंत वेडेवाकडे कापलेले, सुरीने कापल्यासारखे. जिन्यात बायका बोलायच्या.

"रेड इंडियन आहे म्हणे ती. पिक्चरमध्ये असतात ना, घोड्यावर, पिसं लावलेले."

"मग हिची पिसं कुठे गेली?"

"केस बघितलेस का? न्हाव्याकडचे पैसे वाचवते वाटतं."

मीही हसले होते तेव्हा, तोंडावर पदर घेऊन.

त्या दिवशी गच्चीवर मला आधी वास आला. ओव्याचं पान चुरगळल्यासारखा, पण कोरडा, कडसर. टाकीपलीकडे व्हर्ना एका वाटीत सुकलेली पानं जाळत उभी होती आणि धूर दोन्ही ओंजळींनी डोक्यावरून, खांद्यांवरून ओढून घेत होती. आमच्या घरी गुरुवारी लोबान लावून आई अगदी असाच धूर आमच्या अंगावर लोटायची. मी पायरीवरच थांबले. तिने मला पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. मीही घेतली. मग तिची नजर माझ्या गोधडीवर गेली. ती जवळ गेली, तिने गोधडीचा एक कोपरा उचलला आणि उलटी बाजू पाहिली. पाहणारी बाई सुलट बाजू पाहते, शिवणारी बाई उलट बाजू पाहते. मला ते कळलं, आणि कानापर्यंत गरम झालं.

दुसऱ्या दिवशी सना शाळेतून निरोप घेऊन आली. "टीचर विचारते, माझी अम्मी तिच्याबरोबर शिवायला बसेल का."

"मला काय बोलता येणार तिच्याशी?"

"शी सेज, बोलायची गरज नाही."

आणि खरंच नव्हती. वर तिच्या खोलीत खाटेखेरीज फारसं सामान नव्हतं. आम्ही जमिनीवर चटई टाकून बसायचो. सना मध्ये बसून अभ्यास करायची आणि लागेल तेव्हा इकडचं तिकडे सांगायची. दारावर वाळक्या गवताची तिपेडी वेणी टांगलेली असायची. तिच्या प्रदेशातलं गवत. कुणी दार उघडलं की नव्या पेंढ्यासारखा गोड वास खोलीभर फिरायचा. ती वेणी पाहून मला वाटायचं, कुण्या मुलीने केस विंचरून इथे विसरले आहेत.

व्हर्ना लकोटा होती. बाहेरचे लोक त्यांना सू म्हणतात, असं सनाने सांगितलं. ती चांदणीची गोधडी करत होती. आठ टोकांची एकच मोठी चांदणी, पहाटेची, गोधडीभर पसरलेली. शंकरपाळ्यांएवढे शंकरपाळ्यांच्याच आकाराचे तुकडे कापायचे, एकाला एक जोडायचे, मध्ये पिवळा, मग नारिंगी, मग लाल, मग निळा. आमची गोधडी कडेकडून आत येते, तिची मधून बाहेर जायची. तिरक्या कापडाची कड ओढली जाते, त्यामुळे मध्यभागी फुगा यायचा. पहिल्या वेळी माझा इतका मोठा फुगा आला की व्हर्नाने त्यावर हात ठेवला आणि सनाला काहीतरी म्हणाली. सना खाली पडून हसायला लागली.

"काय म्हणते?"

"शी सेज, चांदणी पोटुशी आहे."

मी त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने हसले ते तेव्हा. मग धीर करून जिन्यातल्या बायकांचा प्रश्न विचारला, पिसं कुठे आहेत म्हणून. व्हर्ना दोरा ओवत म्हणाली, विमानात वजन जास्त झालं, घरी ठेवून आले.

लोक मला म्हणायचे, बोलताना समोर बघ, अशी काय मान घालतेस चोरासारखी. व्हर्नाच्या लोकांत मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघत नाहीत, तो उद्धटपणा. हात मिळवतानाही दाबत नाहीत, नुसता हातात हात ठेवतात, पिल्लू धरल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा माझा भित्रेपणा कुणाला रीत वाटत होता. आम्ही दोघी तासन् तास एकमेकींकडे न बघता बसायचो, आणि मला तिच्याइतकं कुणीच पाहिलेलं नाही असं वाटायचं.

नावाने हाक मारणंही त्यांच्यात फारसं नव्हतं. माणसाला नात्याने हाक मारायची. सासू आणि जावई तर एकमेकांशी बोलतही नाहीत, मान राखायचा म्हणून. हे मी घरी सांगितलं तेव्हा सनाचे अब्बा जेवता जेवता थांबले. "ही रीत आपल्यात कशी आली नाही गो?" म्हणाले.

बाईने मोठ्या बहिणीला हाक मारायची ती 'चुवे'. व्हर्नाने एकदा स्वतःकडे बोट दाखवून तो शब्द म्हटला आणि वाट बघत राहिली. मी सुईत दोरा ओवू लागले. सना म्हणाली, "अम्मी, म्हण ना. इट्स ईझी." मी म्हटलं, जीभ वळत नाही. जीभ वळत होती. पण ज्या शब्दाने आपण कुणाचे तरी होतो, तो शब्द तोंडातून काढायचा तर आपण तेवढे असायला हवं ना. ती शिकवणारी, मी चौथी पास. घरी ताटं घासताना मी तो शब्द नळाच्या आवाजात म्हणून बघायचे.

जेवायच्या आधी ती लहान बशीत प्रत्येक पदार्थाचा एकेक घास काढून खिडकीत ठेवायची, तिच्या आईसाठी. तिची आई गेली होती, केस त्यासाठीच कापलेले होते. ते कळलं त्या दिवशी मला जिन्यातलं माझं हसू आठवलं आणि मी घास परत ताटात ठेवला. तळलेली फुगीर भाकरी करायची ती, आमच्या भटुऱ्याची बहीण, त्यावर बोरांसारख्या फळांचा गरम रस. वास घरभर. आमच्याकडेही गेलेल्या माणसाच्या नावाने खाणं मांडून फातिहा देतात. मी तसं सांगितलं, ती मान हलवत राहिली.

मग तिने बाकीचं सांगितलं. गेलेल्या माणसाची रूह ते वर्षभर घरात सांभाळतात. त्या वर्षात जमेल ते जमवायचं, शिवायचं, आणि वर्ष भरलं की सगळ्यांना जेवू घालून ते सगळं देऊन टाकायचं. स्वतःचंसुद्धा. मग रूहला जाऊ द्यायचं, डोळे पुसायचे. गावाकडे तिचे भाऊ करणार होते, इथे ती करणार होती. ही गोधडी त्यासाठीच होती.

"कुणाला देतात?" मी विचारलं.

"ज्याचा मान करायचा त्याला."

"आमच्यात मयताच्या वस्तू फकिराला देतात," मी म्हटलं. सनाने सांगितलं. व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं नाही, टाका घालणं थांबवलं फक्त. मी दोरा दाताने तोडला. पण तेवढ्या वाक्याने माझ्या अंगावर लहानपणीचा हिरवा फ्रॉक चढला होता.

तो फ्रॉक साटिनचा होता. गळ्याला आणि घेराला सोनेरी गोटा, दोन्ही बाजूंना खिसे. आमच्या वाडीत रुकैया चाचीचं घर खाडीच्या बाजूला, मंगलोरी कौलांचं. तिचे मालक बहरीनला. तिची नसीम माझ्याच वर्गात होती, माझ्याच उंचीची, माझ्यासारखीच एक वेणी घालणारी. ईदला तिच्या बापाने तो फ्रॉक पाठवला होता आणि त्याला अत्तराचा आणि डांबराच्या गोळ्यांचा असा मिळून वास होता, जो आम्हाला परदेशाचा वास वाटायचा. पुढच्या ईदपर्यंत नसीम राहिली नाही.

तिच्या चाळिसाव्या दिवसानंतर चाची आमच्या घरी आली. तेव्हा आमचं कसं चाललं होतं ते आठवावंसं वाटत नाही. बाबा नव्हते, आई लोकांचे मासे सुकवायला जायची, आमच्या दारात सुकत्या सोड्या-सुंगटांचा वास कायमचा. चाचीने पदराखालून नवा रुमाल काढला, रुमालात फ्रॉक होता. आईने दोन्ही हात पुढे केले. मला आईचे ते पुढे केलेले हात आजही दिसतात, खारट पाण्याने पांढरे पडलेले. चाची काहीतरी बोलली, आई काहीतरी बोलली, मी दाराआड होते.

मी तो शाळेत घालून गेले. पोरी काही वाईट नव्हत्या, पण एक म्हणाली, "नसीमचा फ्रॉक चालत आला," आणि बाकीच्या हसल्या. परत येताना मी खाडीच्या वाटेने आले, खिशात हात घालून, मान खाली. पाठून हाक आली.

"नसीम."

मी वळले. चाची कुंपणाशी उभी होती. मला बघून तिने हात तोंडावर ठेवला आणि ती तशीच आत गेली.

घरी येऊन मी फ्रॉक काढला, घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवला आणि पुन्हा कधी घातला नाही. आईने विचारलं, मारलं, मग सोडून दिलं. पुढे मी शाळेतही गेले नाही. त्यालाच काही ते एक कारण नव्हतं. पण त्या वाटेने मी जायचं सोडलं ते सोडलंच, वळसा घालून विहिरीवरून जायचे. कुणी काही दिलं की माझे हात आजही आधी पाठीमागे जातात.

व्हर्नाचं वर्ष भरत आलं. चांदणी सपाट झाली होती. पांढरी पार्श्वभूमी सनाच्या अब्बांच्या दुकानातल्या झग्यांच्या कापडाची होती. त्यांनीच आपणहून दिली होती, "ने, तिच्या आईसाठी आहे ना." पण समैस्माला जायचं ठरलं आणि व्हर्ना तिथे वस्तू वाटणार आहे हे कळलं, तेव्हा ते गंभीर झाले.

"जायचं, जेवायचं, दुवा करायची. घ्यायचं काही नाही. मयताच्या नावाचं घ्यायला आपण काय फकीर आहोत?"

"मला कोण देतंय?" मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. गोधडी अमेरिकेला जाईल, नाहीतर शाळेच्या मोठ्या बाईंना जाईल.

शुक्रवार होता, असाच वारा. शाळेतल्या काही टीचर आल्या होत्या, आमच्या इमारतीचा नेपाळी राखणदार, लॉन्ड्रीवाला मलबारी, आम्ही. वाळूवर चादरी पसरल्या होत्या. मी वडे आणि कोंबडी करून नेली होती, कारण रिकाम्या हाताने जायची मला भीती वाटत होती. व्हर्नाने तिची पानं पेटवली, धूर समुद्राकडे न जाता आमच्यावरच आला. छोट्या बशीत तिने प्रत्येकाच्या डब्यातला एकेक घास काढला, माझा वडाही, आणि ती बशी पाण्याच्या दिशेला ठेवून आली. मग तिने हळू आवाजात काही म्हटलं, गाण्यासारखं, शेवटी शेवटी आवाज फाटला, आणि कुणीही तिला गप्प राहा म्हटलं नाही. आमच्याकडे बाया लगेच पाठीवर हात फिरवून सबर कर म्हणतात. तिथे सगळे नुसते उभे होते. तिला रडू दिलं.

मग तिने सनाला जवळ बोलावलं. तिच्या लोकांत हाक द्यायला कुणीतरी लागतं, तो मान तिने माझ्या पोरीला दिला. व्हर्ना कानात सांगायची, सना मोठ्याने पुकारायची. पहिला राखणदार. त्याला जाड कोट मिळाला. लॉन्ड्रीवाल्याला पातेल्यांचा संच. प्रत्येकजण पुढे जायचा, हळूच हातात हात ठेवायचा, घेऊन परत यायचा. तिचं घर आमच्या डोळ्यांसमोर रिकामं होत होतं आणि तिचा चेहरा हलका होत होता.

"अब्बा," सना ओरडली.

सनाच्या अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? ते गेले आणि तिचा ट्रान्झिस्टर घेऊन आले, चेहरा असा की कुणीतरी हातात रडकं मूल दिलंय. पुढे कित्येक वर्षं हे फकीर रोज सकाळी त्यावर बातम्या ऐकत होते.

चादरीवर शेवटी एक गोधडी उरली. व्हर्ना सनाच्या कानाशी वाकली. सना माझ्याकडे बघत राहिली, मग तिने पुकारलं. अम्मी नाही म्हटलं. तिने माझं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, जसं शाळेच्या हजेरीत घ्यायचे.

मला उठता आलं नाही.  सगळे बघत होते. माझे हात पाठीमागे गेले आणि एकमेकांना घट्ट धरून बसले. मला सोड्या-सुंगटांचा वास आला, त्या किनाऱ्यावर, खरंच आला. एक टीचर हलक्या आवाजात म्हणाली, "गो ऑन, डिअर." सनाचा चेहरा लाल झाला. तिला माझी लाज वाटत होती, आणि ते बघून मी आणखी खाली गेले.

व्हर्ना चालत आली. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. डोळ्यांत बघितलं नाही. गोधडी उलगडून माझ्या पाठीवरून घेतली, दोन्ही खांद्यांवर ओढली आणि पुढे माझ्या मांडीवर तिची टोकं ठेवली. आठ महिने मी शिवलेले टाके माझ्याच पाठीला लागले. मग तिने हात पुढे केला नाही, कारण माझे हात पाठीमागे आहेत हे तिने पाहिलं होतं. तिने फक्त माझ्या डोक्यावरून ओंजळभर धूर फिरवला. धूर नव्हताच तेव्हा, विझला होता. नुसत्या ओंजळी फिरवल्या.

त्या वेळी एक शब्द म्हणायला हवा होता. मला येत होता.

 घरी परततेवेळी गाडीत सनाचे अब्बा एकदाच म्हणाले, "उठायला काय झालं होतं गो तुला?" आणि मग म्हणाले, "असू दे."

व्हर्ना त्याच उन्हाळ्यात गेली. जाताना जिन्यात भेटली. केस मानेपर्यंत वाढले होते. सनाने तिचं बोलणं सांगितलं, "ठेवलीस तरी तुझी, दिलीस तरी तुझी." मी मान हलवली. रिकाम्या खोलीत दारावरची गवताची वेणी तेवढी राहिली होती, नवीन भाडेकरूने ती कचऱ्यात टाकली.

गोधडी मी पेटीच्या तळाशी ठेवली. सवयच ती. सना कधी काढून पांघरायची, मी पुन्हा आत ठेवायचे. दोह्यात क्रेन वाढल्या, दुकान हललं, सना मोठी झाली, नोकरीला लागली. पेटी उघडली की कडसर धुराचा वास यायचा, दर वेळी थोडा कमी. वास संपत चालला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, की मी दुसऱ्यांदा तेच करते आहे.

म्हणून या खेपेला गावी जाताना वाघाचं ब्लँकेट घेतलं नाही. ती गोधडी घेतली.

खाडीची वाट आता सिमेंटची आहे. कितीतरी वर्षांनी मी तिच्यावरून चालले. रुकैया चाची ओटीवर बसली होती, एवढीशी झालेली, डोळ्यांना फार दिसत नाही. मुलगे बाहेर. तिच्या घरात सगळं आहे, तिला कुणाची खैरात लागत नाही. मला वाटलं, आता ही विचारेल, मला काय गरीब समजलीस? ओळख सांगताना मी दोनदा चुकले.

मी गोधडी उलगडली आणि तिच्या खांद्यांवरून घेतली. वेळ लागला. चाचीने आधी कापड चाचपलं. मग कोपरा उलटा केला आणि बोटांनी उलटी बाजू पाहिली.

"कुणाची गो ही?"

"माझ्या मोठ्या बहिणीने दिली. तिची आई गेली तेव्हा."

"तुला मोठी बहीण कधी होती?"

"आहे. लांब असते."

चाची शंकरपाळ्यांवरून बोट फिरवत राहिली. आतून जुन्या लाकडाचा, केवड्याचा वास येत होता. मग म्हणाली, "तो हिरवा फ्रॉक तू एकदाच घातलास."

"हो चाची."

"बाकीचे सगळे कपडे मी मशिदीपाशी दिले, गाठोडं बांधून. तो नाही दिला. तिचा फार लाडका. म्हटलं तिच्या मैत्रिणीच्या अंगावर असू दे." मग तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "माझी हाक तुला बोचली ना?"

मी गोधडीची कड तिच्या मांडीवर सारखी केली.

"पाठमोरी बघितली तुला आणि तोंडातून नाव आलं. ती गेल्यापासून कुणी घरात तिचं नाव घेत नव्हतं, मला घेऊ देत नव्हते. त्या दिवशी आलं. इतकं बरं वाटलं होतं गो. आत जाऊन पोटभर रडले. मग रोज त्या वेळेला कुंपणाशी येऊन उभी राहायची. म्हटलं, परत घालून येईल."

मी विहिरीवरून जात होते तेव्हा. वर्षानुवर्षं.

आमच्या दारात आईने हात पुढे केले होते ते भीक घ्यायला नव्हते, हे मला त्या ओटीवर कळलं. कुणी जिवापलीकडचं काही हातात ठेवत असेल तर हात तसेच पुढे करतात, दोन्ही. आई जाणती होती. दाराआडून मला नुसते हात दिसले.

चाचीने गोधडी गळ्याशी ओढून घेतली. "ऊब आहे," म्हणाली. "चहा ठेव जा, साखर वरच्या फळीवर आहे." मी तिच्या स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला, आणि कुणी बघत नसताना चुलीसमोर बराच वेळ उभी राहिले.

आता इथे समैस्माच्या वाळूवर सना डबे उघडते आहे. वड्यांचा वास वाऱ्याबरोबर येतो. मी छोट्या बशीत सगळ्यातला एकेक घास काढला आणि पाण्याच्या दिशेला ठेवून आले. व्हर्नाच्या आईसाठी, माझ्या आईसाठी, नसीमसाठी. मग पाण्याच्या त्या पांढऱ्या रेघेकडे तोंड करून मी तो शब्द म्हटला. चुवे. नळाचा आवाज नव्हता तरी म्हटला. वाऱ्याने तो लगेच उचलला, मलाही नीट ऐकू आला नाही.

खांदे गार पडले आहेत. बरं वाटतं आहे ते.

"अम्मी," पाठून सनाने हाक मारली. "चहा होतोय गार."

मी लगेच वळले नाही. थोडा वेळ तशीच पाठमोरी उभी राहिले, कुणाच्या तोंडात कुणाचं नाव यायचं असेल तर येऊ दे म्हणून.